पाळणा, जाते आणि टाळ

गेल्या माघात विट्याजवळच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताहास जाण्याचा योग आला. काल्याचे कीर्तन झाले, पंगती उठल्या आणि आम्ही देवळाच्या ओवरीत जरा टेकलो होतो; तोच एक तरुण लेकुरवाळी कडेवर पाचेक महिन्यांचे बाळ घेऊन आली. पाया पडली आणि म्हणाली, "महाराज, एक इचारू का? रागवायचं न्हाई."

ह्या बाजूची पुष्कळ घरे गलाईच्या धंद्यात आहेत, हे सांगली जिल्ह्यातील वाचकांस सांगायला नको. सोने-चांदी गाळण्याची कला हाती घेऊन खानापूर, आटपाडी, तासगावकडची माणसे पार तामिळनाडू-केरळपासून पंजाबपर्यंत जाऊन राहिली. ह्या मुलीचे मालकही तिकडे तामिळ मुलखात दुकान करतात. सप्ताहासाठी आणि जत्रेसाठी चार दिवस गावी आलेली. तिचे म्हणणे असे : "आत्याबाई म्हणत्यात, लेकराला पाळणा म्हण, ओवी म्हण. मला काय येत न्हाई. मी आपला मोबाइलवर पाळणा लावते, त्यानं झोपतंय की ते. शेजारची अक्का तिच्या भाषेत तालाट्टु म्हणती, त्यानंबी झोपतंय. मग मीच म्हणायला कशाला पायजे?"

आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते ठरलेले होते. संस्कार होतात, मातृभाषा कानी पडते, देवाचे नाव मुखी येते, वगैरे. मुलीने मान डोलावली आणि गेली. पण खरे सांगायचे तर तिचे समाधान झाले नाही, आणि आमचेही झाले नाही. प्रश्न साधा होता आणि चांगला होता. बाळ झोपणे एवढेच जर काम असेल तर ते कोणत्याही आवाजाने होते, मग आईनेच गळा का शिणवावा? म्हणून परत आल्यावर ह्या विषयावर जाणत्या लोकांनी जे शोधून काढले आहे ते मिळेल तेवढे वाचले. त्यातले काही आमच्या समजुतीला धरून निघाले, काही अगदी उलट निघाले. दोन्ही येथे मांडतो.

प्रथम, बाळाला ऐकू कधीपासून येते? अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची कथा ऐकली हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गर्भाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते, ही गोष्ट आता पक्की झाली आहे. पण जे पोचते ते पाण्यातून आणि मांसातून गाळून. शब्दांतली बारीक अक्षरे बहुतेक बुडून जातात. उरते ती चाल, म्हणजे आवाजाचा चढउतार आणि लय. बाहेरच्या कोणाहीपेक्षा आईचा आवाज जास्त पोचतो, कारण तो हवेतून येतो तसाच तिच्या हाडामासातूनही आत उतरतो. तेव्हा हल्ली 'गर्भसंस्कार' म्हणून पोटावर यंत्रे बांधून संस्कृत मंत्र ऐकवण्याचा जो बाजार मांडला आहे, त्यात पैसे घालण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. बाई स्वतः हरिपाठ म्हणत असेल तर तिच्या पोटातल्या जिवाला ती चाल फुकट मिळते. अर्थ मिळत नाही. तो कळायला त्याला अजून पुष्कळ वर्षे लागायची आहेत, आणि आपल्याला तरी कुठे सगळा कळला आहे!

1980 साली अमेरिकेत अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर ह्या दोघांनी एक युक्ती केली. तीन दिवसांच्या आतली दहा बाळे घेतली आणि त्यांच्या तोंडात दूध नसलेली चोखणी दिली. बाळाने एका तऱ्हेने थांबत थांबत चोखले तर त्याच्या आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखले तर परक्या बाईचा. बाळांनी चोखण्याची तऱ्हा बदलून आईचा आवाज मागून घेतला. पुढे 2009 साली जर्मनीतील कॅथलीन वेर्मके ह्या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 60 नवजात बालकांचे रडणे तपासले. निम्मी फ्रेंच घरची, निम्मी जर्मन घरची, सगळी पाच दिवसांच्या आतली. फ्रेंच बाळांचे रडणे बहुधा खालून वर चढत जाई आणि जर्मन बाळांचे वरून खाली उतरे. त्या दोन भाषांच्या बोलण्याचा हेलही तसाच आहे. बघा म्हणजे, पहिला टाहो फोडतानाच लेकराच्या गळ्यात घरच्या बोलीचा हेल असतो. माणदेशी हेल आणि कृष्णाकाठचा हेल कानाने वेगळे ओळखणाऱ्या आमच्या जुन्या टाळकऱ्यांना ह्यात फारसे नवल वाटणार नाही.

हे सुराचे झाले. लयीचे ह्याहून नवल आहे. हंगेरी देशात बुडापेस्ट येथे 2009 सालीच झोपलेल्या दोन-तीन दिवसांच्या बाळांना ठेका ऐकवला आणि मधूनच ठेक्यातली सम गाळली. झोपेतही त्या बाळांच्या मेंदूने 'येथे काहीतरी यायचे राहिले' अशी खूण दिली. पखवाजावरची एखादी थाप चुकली की दिंडीतला म्हातारा टाळकरी झटकन वळून बघतो ना, तसेच. फरक एवढाच की ह्या बाळांना अजून डोळेही नीट उघडायला येत नव्हते.

पण लय नुसत्या कानाने शिकली जात नाही. 2005 साली कॅनडात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर ह्यांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट ठेका ऐकवला, ज्यात जोर कोठेच नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला वरखाली हालवले, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले ठेके ऐकवले, तेव्हा ज्यांना दोनावर हालवले होते त्यांना दोनाचा ठेका आवडला, तिनावरच्यांना तिनाचा. आणि ज्यांना हालवले नाही, फक्त दुसऱ्याला हालताना पाहू दिले, त्यांच्यात असा फरक दिसला नाही.

हे वाचले आणि आम्हांस आमच्या थोरल्या चुलतीची आठवण झाली. पहाटे तीनला उठून ती जात्यावर बसे. एक पाय लांब, एक दुमडलेला, आणि त्या दुमडलेल्या मांडीवर अंगावरचे पोर. उजव्या हाती खुंटा, डाव्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण. जाते फिरे तशी ती कमरेपासून पुढेमागे झुके, आणि तिच्याबरोबर ते पोरही झुके. ओवीचा चरण आणि जात्याचा फेरा ह्यांचा मेळ तिने कोणाकडून शिकला नव्हता. ज्वारी जड असेल तर चाल संथ, पीठ हलके पडू लागले की चाल जरा पुढे. पायलीभर दळण होईतो त्या पोराच्या अंगात ती लय किती वेळा मुरली असेल! कॅनडातल्या विदुषींनी दोन मिनिटे हालवून जे पाहिले, ते आपल्याकडे रोज दोन-दोन तास चालत होते. चुलतीने ह्याला शास्त्र म्हटले नाही. "दळाण व्हायचं तर हाललंच पायजे," एवढेच तिचे म्हणणे.

ही रीत किती जुनी असेल? बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे ज्ञानोबारायांनी 1290 साली गीतेचा अर्थ ओवीत सांगितला, तेव्हा त्यांनी काही परके वृत्त आणले नाही. आयाबायांच्या तोंडची, मांडीवरच्या पोरांच्या कानातली जी चाल होती, तीच उचलली. त्यांचे श्रोते ती चाल आईच्या मांडीवरूनच शिकून आले होते. ज्ञानेश्वरी मराठी माणसाच्या अंगात इतकी चटकन का उतरली, ह्याचे एक कारण येथे असावे असे आम्हांस वाटते. गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात. त्याचा खुंटा धरून दोन फेरे दिल्याशिवाय बाया पुढे जात नाहीत, त्याचेही कारण कदाचित हेच.

वारीत ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. माउलींची पालखी नीरा ओलांडून पाडेगावास साताऱ्याच्या हद्दीत येते, लोणंदचा मुक्काम होतो, पुढे चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण लागते. त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली पोरे नीट बघा. बाप पावली खेळतो आहे, पोर खांद्यावर वरखाली होते आहे. त्याला ना अभंग कळत, ना टाळ धरता येत, पण ठेका त्याच्या बुडातून वर चढत असतो. ह्या सोहळ्याला आजचे रूप ज्यांनी दिले ते हैबतबाबा सातारा तालुक्यातल्या आरफळचे, हे वाचकांस माहीत आहेच.

येथेच एक सांगून ठेवतो, कारण ते राहून जाईल. तान्ह्याचा कान नाजूक असतो. खांद्यावरचे पोर आणि पन्नास टाळकऱ्यांच्या मधोमध उभे केलेले पोर ह्यांत फरक आहे. सप्ताहात हल्ली जे कर्णे लावतात, त्यांच्यापुढे तान्हे घेऊन बसणे म्हणजे त्याच्या कानाचे कायमचे नुकसान करून घेण्यासारखे आहे. बायांनी लेकरासह मागे बसावे, आणि व्यवस्थापकांनी कर्ण्याचा आवाज कमी करावा. देव काही बहिरा नाही.

असो. आता त्या मुलीच्या प्रश्नाचा पहिला भाग घेऊ. शेजारच्या अक्काच्या तामिळ तालाट्टुने बाळ झोपते, हे तिचे म्हणणे खरे की खोटे?

खरे. आणि आमचे 'मातृभाषा कानी पडली पाहिजे' हे उत्तर ह्या ठिकाणी लंगडे पडते. अमेरिकेत हार्वर्ड येथील संशोधकांनी 144 बाळांना अशा भाषांतली गाणी ऐकवली, ज्या त्या बाळांनी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांतली काही अंगाईगीते होती, काही दुसऱ्या कामाची गाणी. अंगाई लागली की बाळांच्या हृदयाचे ठोके अधिक मंद झाले, डोळ्यांच्या बाहुल्या लहान झाल्या. गाणारी माणसे अनोळखी, भाषा अनोळखी, आणि गाणे ध्वनिमुद्रित. तरीही! कॅनडातल्याच माँट्रियल येथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना तुर्की भाषेत बोलून दाखवले आणि गाऊन दाखवले. बोलणे ऐकत बाळे चारेक मिनिटांत कुरकुरू लागली. गाणे ऐकत सुमारे नऊ मिनिटे शांत राहिली. तेही ध्वनिमुद्रितच.

मोठी माणसेही परक्या मुलखाचा पाळणा ओळखतात. टोरंटोच्या सँड्रा ट्रेहब ह्या बाईंनी बाळ आणि गाणे ह्या विषयात जन्म घालवला. त्या 2023 साली वारल्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी फार पूर्वीच दाखवले होते की परक्या भाषेतली दोन गाणी शेजारी ठेवली तर त्यांतले बाळासाठीचे कोणते हे लोक बहुधा बरोबर सांगतात. 2018 साली सॅम्युएल मेर आणि त्यांच्या सोबत्यांनी 86 समाजांतली 118 गाणी घेऊन त्यांचे 14-14 सेकंदांचे तुकडे 60 देशांतल्या साडेसातशे माणसांना ऐकवले. नाचाचे गाणे आणि पाळणा लोकांनी सहज ओळखला. दुखणाइताला बरे करण्यासाठी म्हणतात ते गाणेही बऱ्यापैकी. प्रेमाचे गाणे मात्र नीट ओळखता आले नाही. सिनेमावाल्यांनी ह्याचा विचार करावा.

म्हणजे पाळण्याची संथ, उतरती, पुनःपुन्हा तेच म्हणणारी चाल ही एका भाषेची मिरासदारी नव्हे. लहान मूल कवेत घेतलेले माणूस सांगलीत असो की आफ्रिकेत, आवाज असाच मऊ करते.

मग सगळेच उपजत आहे काय? नाही. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथे तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांची घराणी आहेत. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे येतात आपल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, म्हणजे ज्या भीमेच्या काठी आपला देव उभा, तिच्याच मातीतले. हे कारागीर घोडीवर तारेचा स्पर्श घासून घासून असा साधतात की तार नुसती वाजत नाही, गुंजारव करते. तिलाच जवारी म्हणतात. आपल्या कानाला जवारी नसलेला तंबोरा मेलेला वाटतो. दुसऱ्या मुलखात वाढलेल्या एखाद्याला तोच गुंजारव म्हणजे तार कोठेतरी घासते आहे असे वाटेल. गोड काय हे पुष्कळ अंशी कानाची सवय ठरवते. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या रानात त्सिमाने नावाचे लोक राहतात. पाश्चात्त्यांना जे दोन सूर एकत्र वाजले तर कर्कश वाटतात, ते ह्या लोकांना गोड सुरांच्या जोडीइतकेच बरे वाटतात, असे 2016 साली तपासून प्रसिद्ध झाले.

लयीची सवयही अशीच लागते, आणि फार लवकर लागते. युरोपात बाल्कन म्हणून मुलूख आहे. तेथल्या नाचगाण्यात सात-सात मात्रांचे लंगडते ठेके असतात. आपल्या रूपकात सात मात्रा, तामिळांच्या मिश्र चापूतही सात, म्हणून आपल्याला ते नवे नाही; पण अमेरिकेत बहुतेक गाणी सरळ ठेक्याची. एरिन हॅनन आणि ट्रेहबबाई ह्यांनी 2005 साली दाखवले की सहा महिन्यांच्या अमेरिकी बाळाला असल्या लंगडत्या ठेक्यातली चूकही कळते. वर्षाच्या बाळाला ती कळेनाशी होते; घरचा ठेका पक्का झाला, परका पुसला. पण वर्षाच्या बाळांना घरी दोन आठवडे ते संगीत ऐकवले तर ती जाण परत आली. मोठ्या माणसांना तेवढेच ऐकवले, त्यांच्यात परतली नाही. तेव्हा अक्काचा तालाट्टु त्या बाळाच्या कानी पडतो आहे ही चांगलीच गोष्ट आहे. त्याच्या कानात दोन घरे बांधली जातील. आत्याबाईंनी ह्यावर नाक मुरडू नये.

आता मोबाइल. ह्यावरच त्या मुलीचे सारे म्हणणे उभे होते, आणि वरचे वाचून कोणी म्हणेल की मग मोबाइलचेच बरोबर ठरले. झोपवण्यापुरते ठरलेच. आम्ही ते नाकारीत नाही. पण पुढे आम्हांस एक प्रयोग वाचायला मिळाला आणि तेथे आम्ही थांबलो.

मेर ह्यांनीच आणखी दोघींबरोबर हा प्रयोग केला. 2016 साली तो प्रसिद्ध झाला. बाळे पाच महिन्यांची, म्हणजे आमच्या त्या ओवरीतल्या बाळाएवढीच. एक नवी चाल घेतली, जी कोणी कधी ऐकली नव्हती. काही घरांत आईबापांनी ती आठवडा-दोन आठवडे बाळाला गाऊन दाखवली. काही घरांत तीच चाल वाजवणारे खेळणे बाळाला दिले. आणखी काही बाळांना ती एका गोड स्वभावाच्या पण परक्या माणसाने, पडद्यावर भेटून, गाऊन दाखवली. मग सगळ्या बाळांपुढे दोन अगदी अनोळखी माणसे आणली. एकाने ती ओळखीची चाल म्हटली, दुसऱ्याने वेगळी. मग दोघेही नुसती हसत गप्प उभी राहिली. बाळ कोणाकडे बघते?

ज्या बाळांना ती चाल आईच्या किंवा बापाच्या तोंडून मिळाली होती, ती बाळे आपली चाल म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडे जास्त वेळ बघत राहिली. खेळण्याकडून किंवा पडद्यावरून शिकलेल्या बाळांना चाल आठवत होती, पण त्यांनी त्या माणसाकडे तसे पाहिले नाही. चाल तीच, सूर तेच. फरक एवढाच की ती दिली कोणी.

भाविकहो, हे आम्ही दोनदा वाचले. कारण ह्यात आपली वारी आहे. सांगलीची दिंडी आणि मराठवाड्याची दिंडी एकमेकांना ओळखत नाहीत. गाव वेगळे, जात वेगळी, बोली वेगळी. वाटेत एक जण हरिपाठाचा चरण उचलतो, दुसरा पुढचा चरण घेतो, आणि दोघे एकमेकांस माउली म्हणून पाया पडतात. आपण ह्याला भक्ती म्हणतो, ती आहेच. पण ही गोष्ट पाच महिन्यांच्या तान्ह्यातही बीजरूपाने असते : माझ्या घरच्या माणसाने दिलेली चाल ज्याच्या तोंडी आहे, तो माझा कोणीतरी आहे. मोबाइलने चाल मिळते. ही खूण मात्र, निदान त्या प्रयोगातल्या बाळांना तरी, यंत्राकडून मिळाली नाही.

बोलण्याच्या बाबतीतही असेच दिसले आहे. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल ह्यांनी 2003 साली नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेतले उच्चार ऐकवले. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळे ते शिकली. तीच माणसे, तेच बोलणे पडद्यावर किंवा नुसते ध्वनिमुद्रणात दिले, तर काहीच शिकली नाहीत. हा प्रयोग गाण्याचा नव्हे, बोलण्याचा आहे, हे मान्य. पण दिशा तीच. आणि 2014 सालचा ट्रेनरबाईंच्याच शाळेतला आणखी एक : 14 महिन्यांच्या बाळांना कडेवर घेऊन गाण्याच्या ठेक्यावर हालवले. समोर उभी असलेली बाई त्याच ठेक्यात हालली तर बाळाने पुढे तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून देण्याचा उत्साह जास्त दाखवला. ती बेठेक्यात हालली तर कमी. एका ठेक्यात हाललेल्या माणसाला मदत करावीशी वाटते. पालखीतळावर तंबू रोवताना कोण कोणाच्या दिंडीचा हे कोणी विचारीत नाही, ते उगीच नव्हे.

येथे एक शंका निघेल. बाळासाठी गाणे हे सगळ्या जगात आहे, उपजत आहे, तर काळजी कसली? एक पिढी विसरली तरी पुढची आपोआप गाईल. आम्हांसही असेच वाटत होते. पण दक्षिण अमेरिकेतच पराग्वे देशात आचे नावाचे लोक आहेत. किम हिल हे संशोधक 1977 पासून चाळीस-बेचाळीस वर्षांच्या काळात मिळून दहा वर्षांहून अधिक त्यांच्यात राहिले. 2025 साली त्यांनी आणि मनवीर सिंग ह्यांनी लिहिले की उत्तरेकडील आचे लोकांत पाळणा नाही आणि नाचही नाही. ते बाळांवर प्रेम करीत नाहीत असे नव्हे. बाळ रडले तर त्याच्याशी गमतीने बोलतात, तोंडे वेडीवाकडी करतात, हसवतात. मोठी माणसे एकटी एकटी गातातही : पुरुष शिकारीचे गाणे, बाया मेलेल्या आप्तांचे. पण बाळासाठी कोणी गात नाही. ह्या लोकांवर मोठी संकटे आली, माणसे फार थोडी उरली, आणि अशा कोणत्या तरी काळात ती गाणी गळून पडली असावीत, असा त्या दोघांचा तर्क आहे. एकदा गेली ती आपोआप परत उगवली नाहीत.

आपल्याकडे संकट आले नाही, पिठाची गिरणी आली. गिरणीला नावे ठेवणारा माणूस जात्यावर कधी बसलेला नसतो. चुलतीच्या तळहाताचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. दळण गेले ते बरेच झाले. पण दळणाबरोबर पहाटेचे ते दोन तासही गेले, आणि ओवीला बसायला जागा राहिली नाही. थोर लोकांनी वेळेवर हे ओळखले म्हणून काही वाचले. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' ग्रंथ केला. सांगली जिल्ह्यातल्याच बागणीच्या सरोजिनी बाबर ह्यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचे काम हाती घेऊन गावोगावच्या गाण्यांचे खंडच्या खंड छापले. पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन येथलेच झालेले गी प्वातवँ ह्यांनी 1980 च्या दशकापासून हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाच्या वर ओव्या टिपल्या, काहींचे आवाजही मुद्रित केले. त्या आता कोणालाही ऐकता येतात. पण छापलेली ओवी वाचणे आणि मुद्रित ओवी ऐकणे हे वरच्या प्रयोगातल्या खेळण्यासारखेच आहे. चाल राहते. देणारे माणूस लागतेच.

आणि ते माणूस आईच असले पाहिजे असे कोठे आहे? वरच्या प्रयोगात बापांनीही गाणे दिले. आजा देईल, आत्या देईल. "आमचा गळा फाटका" ही सबब बाळापुढे चालत नाही, कारण त्याने चांगला गळा अजून ऐकलेला नसतो. ज्या आईला वाचा नाही किंवा ज्या बाळाला ऐकू येत नाही, त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. झोका आणि थोपटणे हाही ठेकाच आहे, आणि तो कातडीतून पोचतो. पाळणा देवाचाच हवा काय, असेही एकाने विचारले. आमचे मत असे की घरात जे खरोखर म्हटले जाते ते म्हणावे. कृष्णजन्माच्या कीर्तनात पाळणा म्हणतो तो तुम्हांला येतच असतो, तो घ्या. हरिपाठ येतो, तो संथ करून घ्या. बारशाला ज्या बाया पाळणा म्हणतात त्यांना घरी बोलावून चार वेळा म्हणवून घ्या. येत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा हे सोपे.

चैत्रात आम्ही पुन्हा त्या बाजूस गेलो होतो. ती मुलगी अजून गावीच होती. यात्रा करून परत जायची होती. तिला वरचे सगळे सांगितले, निदान ओवरीत बसून सांगता येईल तेवढे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "पर मला येतच न्हाई त्याचं काय?" तिच्या आत्याबाई शेजारीच होत्या. त्यांना म्हटले, बाई, तुम्ही सांगा की. त्या लाजल्या, पदर तोंडाशी नेला, आणि मग मांडी हालवत, जाते नसताना जात्यावर बसल्यासारखे पुढेमागे झुकत त्यांनी चार ओव्या म्हटल्या. पाचवीला अडकल्या. "पुढं काय हुतं गं... माझी आई म्हनायची," असे म्हणून बराच वेळ आठवत बसल्या. आठवली नाही. सुनेने तेवढ्यात पहिल्या चार मोबाइलवर घेतल्या होत्या. नंतर आम्ही उठून निघालो तेव्हा ती आत्याबाईंना विचारीत होती, की दुसरीतला तिसरा शब्द कोणता, आणि तेथे आवाज वर न्यायचा की खाली.